जलसंजीवनी समजून आणलेले खोके, आणि वेष्टनांवरचे इतर दावे: आपले अनुभव

अंगणवेल:
काल औषधांच्या दुकानात एका बाईंनी मुलाच्या जुलाबांसाठी ‘ओआरएस’ म्हणजे जलसंजीवनी मागितली. दुकानदाराने जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र छापलेली पुडी काढून दिली, आणि मला २०२३ मधली आमची एक रात्र आठवली. मुलगी दीड वर्षाची होती. नावातच ‘ओआरएस’ असलेले, सफरचंदाच्या चवीचे खोके मी आणले आणि रात्रभर चमच्याने पाजत राहिलो. जुलाब मात्र वाढतच गेले. सकाळी डॉक्टरांनी खोके उलटे करून मागची बाजू दाखवली. खऱ्या जलसंजीवनीत लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, तर या पेयात लिटरमागे शंभर ग्रॅमहून अधिक साखर होती, आणि इतकी साखर आतड्यात उलट पाणी खेचून घेते. ‘हे प्रमाणित सूत्र नव्हे’ अशी सूचना खोक्यावर होती, पण ती वाचायला मला चष्मा लागला.

रात्रपाळी:
मी बालरुग्ण विभागात परिचारिका आहे आणि असे खोके हातात घेऊन आलेले पालक मी पुष्कळ पाहिले आहेत. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अशा पेयांच्या ‘ओआरएस’ या नावाविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली. जाता जाता सांगते, एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालावी. पेल्यात चिमूटभर टाकून अंदाजाने ढवळू नये.

जुनी बरणी:
माझ्या मधुमेही वडिलांचा ‘१०० टक्के फळांचा रस’ या ओळीवर पूर्ण विश्वास होता. घटकांच्या यादीत पहिले नाव पाण्याचे होते, कारण आटवलेल्या रसात पाणी मिसळून तो पुन्हा तयार केलेला होता. असा दावा काढून टाकण्याचा आदेश जून २०२४ मध्ये निघाला.

घाणेकरीण:
शेंगदाणा तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे वाचून सासूबाई म्हणाल्या, “मग मिठावरही ‘साखरमुक्त’ छापा की!” वनस्पतीजन्य तेलात कोलेस्टेरॉल मुळात नसतेच, हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही.

रात्रपाळी:
@अंगणवेल, मुलगी आता कशी आहे?

अंगणवेल:
उत्तम आहे, बालवाडीत जाते. दुकानात खोके दिसले की अजूनही तेच सफरचंदाचे मागते.