१:१ उताराचा जिओग्रिड भराव: अंदाजपत्रक दर्शनी चौरस मीटरवर करावे की छेदावरून?

प्रश्न: रस्ते विभागातील कनिष्ठ अभियंता, ठाणे

नमस्कार. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका जोडरस्त्याचे प्राथमिक अंदाजपत्रक सध्या माझ्याकडे आहे. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला कारखान्यांच्या कुंपणभिंती असल्यामुळे नेहमीचा २ आडवे : १ उभा असा भराव तेथे मावत नाही. म्हणून सुमारे ५०० मीटर लांबीत, जास्तीत जास्त ८ मीटर उंचीचा, जिओग्रिडचे (माती धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या मजबूत जाळीचे) थर घातलेला ४५ अंशांचा, म्हणजे १:१ उताराचा, भराव सुचवण्यात आला आहे. आमच्या वरिष्ठांचे मत असे, की रिइन्फोर्स्ड अर्थ भिंतीचा (थर घालून मजबूत केलेल्या मातीच्या उभ्या भिंतीचा) दर्शनी, म्हणजे समोरून दिसणाऱ्या, चौरस मीटरचा जो दर आपल्याकडे आहे, त्याचे ठरावीक टक्के धरून आकडा द्यावा. मला ही पद्धत पटत नाही; पण संकल्पन (डिझाइन) झालेले नसताना जिओग्रिडचे परिमाण कसे काढावे हे समजत नाही. शिवाय वाचलेल्या जागेची किंमत तुलनेत दाखवावी का, याविषयीही मार्गदर्शन हवे आहे.

उत्तर: भू-तांत्रिक संकल्पन अभियंता, वाशी

आपली शंका रास्त आहे. ज्याचा दर्शनी कोन ७० अंशांपेक्षा कमी तो उतार आणि त्याहून उभी ती भिंत, अशी विभागणी अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाच्या मार्गदर्शिकेत आहे, आणि या दोहोंच्या खर्चाची घडण मुळातच वेगळी आहे. भिंतीत काँक्रीटच्या पॅनेलचा वाटा मोठा असतो. उताराच्या बाबतीत त्याच मार्गदर्शिकेने दिलेले ढोबळ प्रमाण जिओग्रिडसाठी ४५ ते ६५ टक्के, भरावासाठी ३० ते ४५ टक्के आणि दर्शनी भागासाठी केवळ ५ ते १० टक्के असे आहे. हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू करू नयेत, परंतु जो भाग खर्चात सर्वांत लहान आहे त्याच्या क्षेत्रफळावर सगळा दर टांगणे चूक आहे, एवढे त्यातून निश्चित दिसते.

संकल्पनापूर्वी परिमाण काढायचे तर रस्त्याच्या एका रनिंग मीटर लांबीचा आडवा छेद घ्यावा. उंची ८ मीटर, मातीची घनता २० किलोन्यूटन प्रति घनमीटर आणि वरील वाहनभार २० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरला, तर भारासह परिणामी उंची ९ मीटर होते. मुरुमाचा घर्षणकोन ३२ अंश आणि सुरक्षा गुणक १.५ घेतल्यास संकल्पनाच्या आलेखातून बलगुणांक (जिओग्रिडने किती बल पेलायचे ते ठरवणारा आकडा) साधारण ०.१५ मिळतो, म्हणून एकूण आवश्यक बल ०.५ × ०.१५ × २० × ९ × ९, म्हणजे सुमारे १२१ किलोन्यूटन प्रति मीटर येते. उंची ६ मीटरपेक्षा जास्त असल्याने उताराचे दोन समान पट्टे करून खालच्याला तीन-चतुर्थांश आणि वरच्याला एक-चतुर्थांश बल द्यावे. थरांतील अंतर ६० सेंटिमीटर ठेवले, तर खालच्या पट्ट्यातील प्रत्येक थराला सुमारे १४ किलोन्यूटन दीर्घकालीन ताकद (सर्व घट वजा जाता उरणारी ताकद) लागते. थराची भरावाच्या आत जाणारी लांबी ६ मीटर धरल्यास १३ थरांचे ७८ चौरस मीटर मुख्य जिओग्रिड, आणि पृष्ठभाग ढासळू नये म्हणून मध्ये घालायच्या दीड मीटरच्या दुय्यम थरांचे सुमारे २० चौरस मीटर, एवढे परिमाण एका रनिंग मीटरला निघते.

येथे दोन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली म्हणजे, उंची बदलत असताना सरासरी उंची घेऊन हिशोब करणे. बल उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वाहनभार बाजूला ठेवला आणि उंची शून्यापासून ८ मीटरपर्यंत एकसारखी वाढत आहे असे धरले, तरी ४ मीटर सरासरीवरून काढलेले बल प्रत्यक्षाच्या तीन-चतुर्थांशच भरते. म्हणून दर २० किंवा २५ मीटरला छेद घ्यावा.

दुसरी चूक दरपत्रकांच्या तुलनेत होते. पुरवठादार जिओग्रिडची अंतिम (तुटेपर्यंतची) ताकद लिहितात, तर संकल्पनाला दीर्घकालीन ताकद लागते. १०० किलोन्यूटनच्या पॉलिएस्टर जिओग्रिडला क्रीपचा (सततच्या ताणाखाली हळूहळू लांबत जाण्याचा) गुणक १.६ लावून भागले तर ६२.५ किलोन्यूटन उरतात, तर तेवढ्याच ताकदीच्या पॉलिप्रॉपिलीनला ४ हा गुणक लावल्यावर २५ उरतात. पसरताना होणारी हानी आणि टिकाऊपणा यांचे गुणक त्यानंतर येतात. त्यामुळे तुलना दीर्घकालीन ताकदीच्या प्रत्येक किलोन्यूटनमागे पडणाऱ्या रुपयांवर करावी.

उत्तर: परिमाण व देयक अभियंता, कळवा

वरील गणित योग्य आहे, परंतु आमच्या भागात खरा फरक मुरूम पाडतो. छेदातील जिओग्रिड पसरलेल्या ६ मीटर रुंद पट्ट्यात एका रनिंग मीटरला साधारण ४८ घनमीटर दाबलेला भराव बसतो. दाबलेल्या एका घनमीटरला १.२५ ते १.४ घनमीटर सुटा माल लागतो, आणि खरेदी ब्रासमध्ये, म्हणजे २.८३ घनमीटरच्या मापाने होते. १.३ गुणक धरला तर एका रनिंग मीटरला सुमारे २२ ब्रास लागतात. म्हणजे पूर्ण उंचीच्या ५०० मीटर लांबीला ११ हजार ब्रास झाले. रॉयल्टी, लीड (माल आणण्याचे अंतर) आणि चाचणीचा खर्च या परिमाणावर चढतो, आणि लीड काही किलोमीटरने चुकली तरी जिओग्रिडच्या दरातील सगळी घासाघीस वाया जाते.

म्हणून डोंगराच्या बाजूच्या कटिंगचा (खोदकामातून निघणारा) माल वापरता येईल का, हे आधी तपासावे. भिंतीसाठी ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारा भाग १५ टक्क्यांच्या आत आणि प्लॅस्टिसिटी निर्देशांक (मातीचा चिकटपणा दाखवणारा आकडा) ६ पर्यंत लागतो. उतारासाठी वर सांगितलेली अमेरिकी मार्गदर्शिका ५० टक्के आणि २० पर्यंत मुभा देते. मऊ बेसॉल्टच्या कटिंगमधून निघणारा पुष्कळसा मुरूम या दोन मर्यादांच्या मध्ये पडतो. माझ्या मते भिंतीऐवजी उतार निवडण्याचे सर्वांत सबळ आर्थिक कारण हेच आहे, आणि भिंतीच्या दराचे टक्के घेतले की नेमके तेच हिशोबातून निसटते.

जागेविषयी बोलायचे तर २:१ ऐवजी १:१ केल्याने ८ मीटर उंचीला एका बाजूस ८ मीटर रुंदी आणि प्रति रनिंग मीटर ३२ घनमीटर भराव वाचतो. भरावाची बचत निःसंकोच दाखवावी. जागेची बचत मात्र भूसंपादन खरोखर करावे लागणार असेल तरच दाखवावी; रस्त्याच्या हद्दीतील जागेची किंमत वजा करून पर्याय स्वस्त दाखवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

उत्तर: मृदा प्रयोगशाळेतील अभियंता, ऐरोली

दोन बाबींचा उल्लेख राहिला आहे. रस्ता खाडीकडे उतरत असेल, तर भरावाखाली मऊ सागरी चिकणमाती लागू शकते. तशी ती लागल्यास आयआरसी ११३ (मऊ जमिनीवरील भरावांसाठीची इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका) प्रमाणे पायाचा स्वतंत्र विचार करावा आणि त्याचा खर्च स्वतंत्र बाबीत ठेवावा. तो भरावाच्या दरात मिसळल्यास पुढे कोणालाही दराची छाननी करता येणार नाही.

दुसरी बाब पाण्याची. पावसाळ्यात डोंगराच्या कटिंगमधून झरे फुटतात, म्हणून भरावाच्या मागील बाजूस निचऱ्याचा थर, पायथ्याशी छिद्रांचे पाइप आणि वरच्या बाजूस पाणी अडवणारी चर या तिन्हींचे परिमाण पहिल्याच अंदाजपत्रकात यावे. उन्हाळ्यात केलेल्या पाहणीत जागा कोरडी दिसते आणि नेमके हेच कलम गाळले जाते. शक्य असेल तर एक भेट ऑगस्टमध्ये द्यावी.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. कटिंगच्या मालाचे नमुने या आठवड्यात प्रयोगशाळेत पाठवतो. जिओग्रिडची मोजणी निविदेत कशी लिहावी, एवढाच प्रश्न उरतो.

उत्तर: परिमाण व देयक अभियंता, कळवा

जिओग्रिड, प्रबलित (जिओग्रिड घातलेल्या) पट्ट्यातील भराव, निचरा आणि दर्शनी भागावरील काथ्याची जाळी व गवत या चार बाबी स्वतंत्र ठेवाव्यात. जिओग्रिडचे मोजमाप आराखड्यातील निव्वळ क्षेत्रफळावर होईल आणि कापताना वाया जाणारा माल दरात समाविष्ट असेल, असे स्पष्ट लिहावे. रोल १०० मीटरचा असेल तर ६ मीटरचे १६ तुकडे निघून ४ मीटर उरतात, ६.२५ मीटर लांबी ठेवली तर काहीच उरत नाही. ही गोष्ट संकल्पनकारांना आताच कळवावी, कारण आराखडे मंजूर झाल्यावर २५ सेंटिमीटरसाठी ते कोणी पुन्हा उघडत नाही.