नीटची (वैद्यकीय प्रवेश परीक्षेची) तयारी करणाऱ्या लेकरानं अकरावीला गणित ठेवावं की सोडावं?

मांजराकाठ

दहावीचा निकाल लागला की लातूर, नांदेड, संभाजीनगरकडं घराघरात एकच वाक्य ऐकू येतं: "डॉक्टरच करायचंय, मग मॅथ कशाला?" अर्ज भरायच्या दिवशी कुणीतरी नातेवाईक हे बोलतो आणि पाच मिनिटांत गणित कटतं. माझं मत सरळ आहे, गणित सोडू नये. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासहित मांडावं.

आधी गुणांचा हिशेब. राज्य मंडळाची बारावी ६०० गुणांची. इंग्रजीचे १००, दुसरी भाषा किंवा आयटीचे १०० आणि चार वैकल्पिक विषयांचे ४००. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो धरले तरी चौथा विषय लागतोच. म्हणजे गणित काढलं की त्याच्या जागी भूगोल किंवा दुसरं काहीतरी येऊन बसतं. विषय कमी होत नाही, बदलतो. हे बऱ्याच पालकांना कॉलेजात पैसे भरल्यावर कळतं.

आता गणित गेल्यावर काय जातं ते बघा. अभियांत्रिकीला बारावीत फिजिक्स आणि गणित दोन्ही सक्तीचे आहेत, ते गेलं. परभणीच्या कृषी विद्यापीठातलं कृषी अभियांत्रिकी गेलं. एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण गणिताचे असतात, आणि हवाई दल किंवा नौदल हवं असेल तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतंच. सोळाव्या वर्षी एवढी दारं लावून घ्यायची घाई कशाची? नीटला बसणारी सगळी लेकरं काही एमबीबीएसला लागत नाहीत, हे आपल्या भागात कुणाला सांगायची गरज नाही.

फळा_खडू

मांजराकाठ, ६०० गुणांचा हिशेब बरोबर आहे, पण तुम्ही गुण मोजले, वेळ नाही मोजला.

अकरावीच्या गणिताची दोन पुस्तकं, नऊ आणि नऊ अशी १८ प्रकरणं. बारावीची सात आणि आठ अशी १५. दोन वर्षांत ३३ प्रकरणं, आणि गणित वाचून होत नाही, रोज वहीवर दीड तास घासावं लागतं. चौथा विषय भूगोल घेतला तर ८० गुणांची लेखी आणि २० चं प्रात्यक्षिक. तो दिवाळीनंतर हातात घेतला तरी निघतो. गणित दिवाळीनंतर उघडलं तर निघत नाही. दोन्हीला "एक विषय" म्हणणं म्हणजे विहीर खणणं आणि बादली भरणं सारखंच धरणं.

दुसरीकडं नीटचा पेपर बघा. ७२० गुणांपैकी ३६० बायोचे. १८० प्रश्न, १८० मिनिटं, चुकलं की एक गुण वजा. आणि बायोचं खरं ओझं दुहेरी आहे: मंडळाचं पुस्तक वेगळं, नीटला एनसीईआरटीच्या (केंद्राच्या) पुस्तकाची ओळ न् ओळ पाठ लागते. बोर्डात आकृती काढून, नावं देऊन तीन-चार गुणांचं उत्तर लिहायचं, नीटला त्याच धड्यातल्या एका शब्दावर प्रश्न. त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोची ३०-३० गुणांची प्रात्यक्षिकं आणि तीन जर्नल. लेकराच्या दिवसाला तास २४च असतात.

अजून एक. गणितात नापास म्हणजे बारावी नापास. नीटला ५५० पडले तरी पुरवणी परीक्षेचा निकाल येईपर्यंत जीव टांगणीला.

मांजराकाठ

फळा_खडू सर, वेळेचा मुद्दा मान्य. पण गणित सोडलेल्या लेकराचं फिजिक्स कुठं अडकतं ते बघू.

अकरावीच्या फिजिक्सचं दुसरंच प्रकरण गणिती पद्धतींचं आहे: सदिश, बिंदू गुणाकार, फुली गुणाकार, मग विकलन-संकलनाची ओळख. तिसऱ्या प्रकरणात चेंडू फेकला. ३० अंशांनी फेकला आणि ६० अंशांनी फेकला, वेग तोच, तर तो सारख्याच अंतरावर पडतो. का? कारण सूत्रात कोनाच्या दुपटीचा साइन आहे, आणि ६० चा साइन आणि १२० चा साइन एकच. गणिताच्या तासाला ज्यानं त्रिकोणमिती केली त्याला हे दिसतं. ज्यानं नाही केली तो पाठ करतो, आणि परीक्षेत कोन १५ आणि ७५ दिले की थांबतो.

केमिस्ट्रीत तेच. ०.००२ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच काढा. २ गुणिले १० चा उणे ३ घात, लॉग २ म्हणजे ०.३०१, तीनातून वजा, उत्तर २.७. बोर्डात लॉग टेबल हाताशी असतं. नीटला ना टेबल, ना कॅल्क्युलेटर. घातांकाची भीती असलेलं लेकरू इथं दोन मिनिटं घालवतं आणि बायोच्या दोन प्रश्नांची वेळ खातं.

फळा_खडू

उदाहरणं अगदी बरोबर, आणि तीच माझ्या बाजूची आहेत. नीटच्या फिजिक्स-केमिस्ट्रीला लागणारं गणित मोजा: वर्गसमीकरण, त्रिकोणमितीची मूलभूत सूत्रं, लॉग आणि घातांक, सदिश, आलेखावरची सरळ रेषा आणि तिचा चढ, साधं विकलन आणि संकलन. बास. चांगला फिजिक्सचा शिक्षक हे जुलैमध्ये दहा-बारा तासांत घेतो. शांकव, गणिती तर्कशास्त्र, रेषीय प्रोग्रामन, द्विपद वितरण, अवकल समीकरणं हे सगळं नीटला कुठं लागतं? पाच पायऱ्यांसाठी अख्खा डोंगर चढवायचा का?

आणि तुमच्या "दारांबद्दल". गुणपत्रिकेवर गणिताचे ४२ गुण असले म्हणजे अभियांत्रिकीचं दार उघडलं असं होत नाही. एमएचटी-सीईटीच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या) पीसीएम, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-गणित गटात २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, ९० मिनिटं. नीटच्या नादात ज्यानं गणित नुसतं पासापुरतं केलं त्याचा पर्सेंटाइल काय येणार? त्याला नांदेडच्या गुरु गोविंदसिंहजी संस्थेचं दार दिसेल, आत जाता येणार नाही. ठेवायचं तर मन लावून शिकायचं, नाहीतर ठेवल्याचा उपयोग शून्य.

तिफण

दोघंही एमबीबीएस आणि इंजिनिअरिंगच धरून बोलताय. मधली लेकरं राहिली.

बी.फार्म. ला फिजिक्स आणि केमिस्ट्रीसोबत गणित किंवा बायो, दोन्हीपैकी एक चालतं. "फार्मसीला बायो लागतंच" म्हणून पीसीएमच्या पोरांवर बायो लादतात, त्याची गरज नाही. बी.एस्सी. ॲग्रीलाही पीसीएम किंवा पीसीबी (गणिताऐवजी बायो) कुठल्याही गटाची सीईटी चालते. बी.एस्सी. नर्सिंगला पीसीबी आणि इंग्रजी, गणित अजिबात नको. जनावरांचा डॉक्टर व्हायचंय, उदगीर किंवा परभणीचं पशुवैद्यकीय डोळ्यांसमोर आहे, तर पीसीबी आणि नीट. म्हणजे या सगळ्या वाटांना चारही विषयांची गरजच नाही.

ज्या लेकराचा कल शेतीकडं किंवा जनावरांकडं आहे त्यानं द्विलक्षीचा (बायफोकल, म्हणजे हाताला काम शिकवणाऱ्या विषयाचा) विचार करावा. क्रॉप सायन्स २०० गुणांचं: ५०-५० चे दोन पेपर आणि १०० चं प्रात्यक्षिक. ते दुसरी भाषा आणि चौथा वैकल्पिक विषय या दोन्हींच्या जागी बसतं. इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, बायो आणि क्रॉप सायन्स, झाले ६००. १०० गुण शेतावर आणि प्रयोगशाळेत मिळतात, आणि बियाणं, माती, खतं यांची ओळख फुकट होते. आपल्याकडच्या लेकरांना सोयाबीनची उगवण तपासायला शिकवावं लागत नाही, फक्त ते कागदावर मांडायला शिकवावं लागतं.

उंबरठा

तिफण, द्विलक्षीबद्दल एक इशारा जोडतो. कॉलेज मिळालं म्हणजे द्विलक्षीची जागा मिळाली असं नाही. आधी विज्ञान शाखेत प्रवेश, मग त्याच कॉलेजात द्विलक्षीची वेगळी यादी, आणि जागा मोजक्या. कॉलेज ठरवायच्या आधी तिथं कुठला द्विलक्षी विषय आहे, शिक्षक आहे का, की कागदावरच आहे, हे जाऊन विचारा. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेऊन पीसीएम ठेवलं तर बायोला जागाच उरत नाही, हेही घरात आधीच बोला.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत. दहा पसंती भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो. त्यामुळं "नाव मोठंय" म्हणून पहिल्या क्रमांकावर असं कॉलेज टाकू नका जिथं तुम्हाला हवा तो विषयगटच नाही. भूगोल प्रत्येक विज्ञान कॉलेजात मिळत नाही, आयटीही नाही. अर्जात शाखा दिसते, पण चौथा विषय कोणता मिळणार हे कॉलेजच्या कार्यालयातच कळतं. फोन करून भागत नाही, माणूस जाऊन विचारतो तेव्हाच खरं सांगतात.

गावाकडच्या कॉलेजात नाव आणि लातूरला क्लास, अशी सोय करणाऱ्यांनी ७५ टक्के हजेरीचा नियम आणि प्रात्यक्षिकं लक्षात ठेवावीत. जर्नलवर वर्षभर सह्या नसतील तर जानेवारीत धावपळ होते. त्याच महिन्यात जेईई मेनचं (देशपातळीवरच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेचं) पहिलं सत्रही असतं. चारही विषयवाल्याला हा महिना सगळ्यात जड जातो.

गोदाआई

सगळे विषयांवर बोलतायत, लेकराला मोजायचं कसं ते कुणी सांगेना. दहावीच्या निकालावरून ठरवू नका. गणितात लेखी ८० आणि अंतर्गत २०. अंतर्गतचे १८-१९ बहुतेकांना मिळतात. ७४ दिसले तर ८० पैकी ५५ च आले समजा. शाळेतल्या पूर्वपरीक्षेचे पेपर काढा. भाग एकमध्ये वर्गसमीकरणं आणि अंकगणिती श्रेढी, भाग दोनमध्ये समरूपता आणि त्रिकोणमिती, या चार प्रकरणांत काय झालंय ते बघा. सांख्यिकी आणि अर्थनियोजनावर गुण वर गेले असतील तर अकरावीत ते फारसे कामाला येत नाहीत.

मग सुट्टीतले आठ दिवस द्या. अकरावी गणित भाग एकचं पुस्तक आणा. पहिली दोन प्रकरणं कोनमापन आणि त्रिकोणमितीची आहेत. रोज एक तास, शिकवणी नाही, सोडवलेली उदाहरणं वाचून स्वाध्याय करायचा. वीस गणितांपैकी बारा स्वतःहून सुटली तर गणित ठेवायला हरकत नाही. सात-आठच सुटली आणि लेकरू तरीही रात्री पुस्तक घेऊन बसतंय, तरी ठेवा. आठ दिवसांत पुस्तक पलंगाखाली गेलं, तर फळा_खडू सरांचं ऐका.

मराठी माध्यमातून आलेल्या लेकराला यात अजून एक पदर आहे. पुस्तक इंग्रजीत. "त्वरण" म्हणजे ॲक्सिलरेशन, "विस्थापन" म्हणजे डिस्प्लेसमेंट, हे जुळेपर्यंत दोन महिने जातात. तेव्हा गणित अवघड नसतं, भाषा अवघड असते. म्हणून आठ दिवसांच्या चाचणीत चुका बघताना आकड्यात चुकलं की प्रश्नच कळला नाही, हे वेगळं लिहून काढा. प्रश्न न कळल्यामुळं चुकलं असेल तर गणित सोडणं ही फार महागात पडणारी चूक आहे. नीट मराठीतून देता येते, सीईटीचे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोही मराठीतून देता येतात, पण सीईटीचा गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो.

मांजराकाठ

गोदाआई, ही आठ दिवसांची चाचणी मला पटली. माझं "कुणीच सोडू नये" हे जरा सरसकट झालं. ज्याला गणितात बसवत नाही त्याच्यावर लादलं तर बायोही जातं, हे मान्य. पण ज्याला जमतंय त्यानं केवळ "डॉक्टरला लागत नाही" म्हणून सोडणं मला अजूनही पटत नाही.

फळा_खडू

मग एवढ्यावर आपण जुळलो. फक्त एक भीती काढतो: सोडलं म्हणजे कायमचं गेलं असं नाही. बारावी झाल्यावर मंडळाकडं तुरळक विषय म्हणून एखादा विषय घेऊन परीक्षा देता येते. उलट बाजूनंही तसंच. पीसीएम करून नंतर डॉक्टरकीकडं वळायचं असेल तर बायो अतिरिक्त विषय म्हणून घेऊन नीट देता येते, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२३ मध्ये ती मुभा दिली.

उंबरठा

सर, कागदावर हे दोन्ही सारखं दिसतं, करायला गेलं की फरक कळतो. गणित नंतर घेतलं तर प्रयोगशाळा लागत नाही, २० गुणांचं अंतर्गत काम तेवढं. बायो नंतर घेतलं तर ३० गुणांची प्रात्यक्षिकं आली, म्हणजे स्लाइड बघायला, जर्नल पूर्ण करायला एखाद्या कॉलेजची प्रयोगशाळा हवी, आणि नियमित विद्यार्थी नसलेल्याला ती सहज मिळत नाही. म्हणून ज्या लेकराचं अजून ठरलंच नाही, डॉक्टर की इंजिनिअर, आणि दोन्हीपैकी एक आज सोडायचंच आहे, त्यानं बायो हातात ठेवावं आणि गणित नंतरसाठी ठेवावं. तोवर अकरावीची गणिताची दोन्ही पुस्तकं घरात असू द्या, रद्दीत घालू नका.

मांजराकाठ

उंबरठा, इथं मात्र मी विरुद्ध आहे. प्रयोगशाळा एका महिन्यात गाठता येते, दोन वर्षांचा सराव एका वर्षात गाठता येत नाही. बायो वाचून भरून काढता येतं. गणिताचं विकलन सुटलं की संकलन सुटतं, संकलन सुटलं की अवकल समीकरणं सुटतात. ठरलं नसेल तर मी गणितच हातात ठेवायला सांगेन. यावर तिफण आणि गोदाआईंचं काय म्हणणं आहे?

गोदाआई

दोन्ही ठेवा, पहिल्या चाचणी परीक्षेपर्यंत. मग चारही विषयांचे गुण समोर ठेवून लेकराशी बोला, क्लासवाल्याशी नाही. मात्र विषय बदलायचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत घेतात हे प्रवेशाच्या दिवशीच कॉलेजच्या कारकुनाला विचारून लिहून ठेवा. नाहीतर चाचणीचा निकाल हातात येतो आणि मुदत गेलेली असते.