शिवराई विकणाऱ्याला टोपणनाव कशाला हवे?

गडवाटा (धागाकर्ता)

गेल्या दिवाळीत मी चार शिवराया (शिवाजी महाराजांनी सुरू केलेली तांब्याची नाणी) घेतल्या, 18,500 रुपयांना. विकणाऱ्याची ओळख नाण्यांच्या एका फोनवरच्या ग्रुपमध्ये झाली होती. तिथे त्याने एका किल्ल्याचे नाव लावले होते. बोलणे लाघवी, इतिहासाची जाण चांगली. पैसे मात्र "भाच्याच्या खात्यावर टाका" म्हणाला. मी टाकले.

नाणी आली आणि काट्यावर ठेवली, तर एकही साडेनऊ ग्रॅमच्या वर जाईना. शिवकाळातली शिवराई साधारण 11 ते 13 ग्रॅम भरते. झिजलेले नाणे हलके असू शकते, म्हणून तेवढ्यावर मी काही बोललो नसतो. पण चारांतल्या दोन नाण्यांच्या काठाला एकाच जागी, एकाच आकाराची खाच होती. हाताने ठशाखाली ठोकलेली दोन नाणी अशी निघत नाहीत. तांब्याचा तुकडा दर वेळी जरा वेगळा बसतो, म्हणून तर नाण्यावरचा कधी 'श्री' अर्धा जातो, कधी 'छत्र पति'मधला 'ति' काठाबाहेर पडतो. तीच खाच दोनदा आली, म्हणजे एका नाण्याचा साचा काढून ही दोन्ही ओतलेली आहेत. भिंगाखाली बुडबुड्यांचे बारीक खड्डेही दिसले.

विचारले, तर दुसऱ्या दिवशी गडी ग्रुप सोडून गेला. तीन महिन्यांनी वेगळ्या ग्रुपात, वेगळ्या नावाने, फोटोत तोच निळ्या चौकटींचा टेबलक्लॉथ आणि तेच खाचेचे नाणे. मी शोधत राहिलो. आतापर्यंत चार नावे सापडली आहेत.

माझे म्हणणे सरळ आहे. ज्याला विकायचे आहे त्याने खऱ्या नावाने विकावे. आणि ज्याच्यावर पुराव्यानिशी संशय आहे, त्याची सगळी नावे ग्रुपमध्ये जाहीर व्हावीत. अ‍ॅडमिननी "वैयक्तिक वाद" म्हणत माझी पोस्ट उडवली. नवी पोरे खाऊचे पैसे साठवून पहिली शिवराई घेतात आणि ती अशा माणसाच्या हातून घेतात, हे मला सहन होत नाही. तुमचे मत सांगा.

तांबट

शंभर टक्के सहमत. मी दुदांडी (दोन रेघांच्या) शिवराईत असाच फसलो. डुआयडी (त्याच माणसाचे दुसरे खोटे नाव) काढायला दोन मिनिटे लागतात, गेलेले पैसे परत मिळवायला जन्म जातो.

फडताळ

मी सहमत नाही, आणि कारण अनुभवाचे आहे.

माझा एक स्नेही टपाल तिकिटे जमवायचा. त्याच्या अल्बमचे फोटो कुणीतरी उचलून स्वतःचे म्हणून विकायला लावले. पैसे घेतले, माल पाठवलाच नाही. फसलेल्या लोकांनी फोटो जुळवले आणि "हाच तो" म्हणून माझ्या स्नेह्याचे नाव, गाव, कचेरी सगळे जाहीर केले. खरे कळायला सात-आठ महिने गेले. माफी मागणारे दोघेच निघाले. त्याने अल्बम विकून टाकले, आता विषय काढला तरी उठून जातो.

गडवाटा, तुमच्या पुराव्यात टेबलक्लॉथ आहे, फोटो आहे. फोटो चोरता येतो. कदाचित त्या चार नावांमागे दोन माणसे असतील आणि एकाने दुसऱ्याचे फोटो वापरले असतील. आपण पोलीस नाही. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद आहे. ज्याने फसवले तो मोकळा आणि तुम्ही कोर्टाच्या पायऱ्या झिजवताय, असे व्हायला वेळ लागत नाही.

आंबोली

कायद्यापुरते बोलते. त्याच कलमात अपवादही आहेत. लोकहितासाठी सांगितलेली खरी गोष्ट, आणि ऐकणाऱ्याच्या किंवा लोकांच्या भल्यासाठी सद्भावनेने दिलेला इशारा, यांना संरक्षण आहे. पण "अमुक भामटा आहे" आणि "अमुक तारखेला घेतलेल्या या दोन नाण्यांना एकच खाच आहे, वजन इतके, पैसे या नावाच्या खात्यावर गेले" यांत फार अंतर आहे. दुसरे लिहा, पहिले लिहू नका. ऑनलाइन दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 ड लागते. तक्रार झाली आहे का?

गडवाटा

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर केली. पहिला प्रश्न आला, समोरच्याचे नाव काय? माझ्याकडे एका किल्ल्याचे नाव होते. खाते ज्याच्या नावावर आहे त्याने म्हणे कुणालातरी वापरायला दिले होते. म्हणून तर एवढे पोटतिडकीने लिहितो आहे.

फडताळ, तुमच्या स्नेह्याचे वाचून वाईट वाटले. पण त्यांच्यावर ही पाळी आणली कुणी? मुळात जो नावाआड लपून फोटो चोरत होता त्याने. विकणाऱ्याचे नाव माहीत असायची सक्ती असती, तर तुमच्या स्नेह्याचे नाव कुणी घेतलेच नसते.

सोनकी

माझा या सक्तीला विरोध आहे, निदान सरसकट सक्तीला.

मी पोर्तुगीज काळातली गोव्याची नाणी जमवते. घरी मी आणि आई दोघीच असतो. सुरुवातीला खऱ्या नावाने लिहायचे. एक रुपिया काय दाखवली, रात्री साडेदहाला फोन, "मॅडम, घरी येऊन बघतो." पत्ता कसा मिळाला असे विचारले, तर हसला. तेव्हापासून रानफुलाच्या नावाने लिहिते आणि मला त्यात गैर वाटत नाही. ज्याच्या घरात किमती नाणी आहेत त्याने पाटी लावून का बसावे?

माझ्यासारख्या कितीतरी बायका या छंदात आहेत, पण नावाची सक्ती आली की पहिल्या आम्हीच बाहेर पडू.

जुना_बाजार

वय 71. पुण्याच्या जुन्या बाजारात मी चाळीस वर्षे रविवार काढले आहेत. तिथे कुणी कुणाचे नाव विचारत नसे. पथारीवर ढब्बू पैसे, किल्ल्या, कंदील, त्यात एखादी शिवराई. फसवणूक तेव्हाही होती. पण पुढच्या रविवारी तो माणूस त्याच पथारीवर, त्याच झाडाखाली बसलेला असे. नाणे त्याच्यापुढे ठेवून "काय रे हे?" म्हणता येई. मला नाव नको आहे, मला ती पथारी हवी आहे.

आणि थोडा अभ्यास करा रे. 1616 किंवा 1717 साल आणि राम-हनुमान असलेली 'ईस्ट इंडिया कंपनीची' नाणी लोक अजून हजारोंना घेतात. कंपनीने असली नाणी पाडलीच नाहीत. विकणारा आधार कार्ड दाखवून विकू दे, ती खोटीच राहणार. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे, तिथले संग्रहालय एकदा बघून या. डोळा तयार झाला की निम्मे भामटे उपाशी मरतील.

फडताळ

काका, अगदी हेच. नाव म्हणजे हमी नव्हे. दुर्मिळ वाइनच्या जगात रूडी कुर्नियावान नावाचा माणूस होता. लिलावात सगळ्यांसमोर बसायचा, बडे लोक त्याला ओळखायचे. ते नावही जन्माचे नव्हते. 2008 मध्ये त्याच्या मालातल्या एका फ्रेंच वाइन घराण्याच्या काही बाटल्यांवर अशी जुनी साले निघाली, जेव्हा ती वाइन त्या घराण्यात बनतच नव्हती. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात नकली वाइन विकल्याबद्दल दोषी ठरला. तो पकडला गेला बाटलीवरच्या सालामुळे.

गडवाटा

बरोबर, पण ते साल चव्हाट्यावर कुणी आणले? त्या घराण्याचा मालक स्वतः न्यूयॉर्कला येऊन उभा राहिला आणि माल लिलावातून मागे घ्यायला लावला. उघडपणे. आमच्या ग्रुपवर त्याची पोस्ट "वैयक्तिक वाद" म्हणून उडवली असती.

सोनकीताई, तुमचे पटले. माझी मागणी बदलतो. लिहिणाऱ्याने, विचारणाऱ्याने, नाणे दाखवणाऱ्याने हवे ते नाव घ्यावे. विकणाऱ्याचे खरे नाव आणि खाते मात्र अ‍ॅडमिनकडे नोंदलेले असावे, आणि पैसे त्याच खात्यावर जावेत. भाचा नको, मेहुणा नको.

तांबट

आणि अ‍ॅडमिनच विकत असला तर? आमच्या ग्रुपात तेच आहे.

आंबोली

आणखी एक. टोपणनाव दर वेळी खोट्या नाण्यासाठीच घेतलेले नसते. शेतात सापडलेले धन दहा रुपयांहून जास्त किमतीचे असेल, तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. हंडा परस्पर फोडून विकणारेही अशाच नावांआड असतात. त्यांची नाणी अस्सल असतात, म्हणून आपण विचारत नाही.

सोनकी

विकणाऱ्याची नोंद दोघांकडे ठेवा, त्यांतला एक न विकणारा असू दे. एवढे असेल तर माझी हरकत नाही. मी विकतेवेळी नाव देईन.

फडताळ

नाव जाहीर करण्याबद्दल माझे मत आहे तेच आहे.

पण काल रात्री माझ्या शिवराया डबीतून काढून भिंगाखाली धरल्या. गडवाटा, तुमची खाच 'छत्र'च्या 'छ'च्या डावीकडे, काठाला, तांदळाच्या दाण्याएवढी आहे का? माझ्या एका नाण्याला तिथेच आहे. वजन 9.3 ग्रॅम. दोन वर्षांपूर्वी घेतले होते. विकणाऱ्याचे नाव किल्ल्याचे नव्हते, नदीचे होते. दोन्ही बाजूंचे आणि काठाचे फोटो आज संध्याकाळी टाकतो. तुमची ती चार नावे मला खाजगीत पाठवा.