दोन आठवडे क्रिकेट आणि एचआयव्हीचे धडे: परदेशी कोचने जावं का?

लेस्टरकर

ऑक्टोबरात मी दोन आठवडे रवांडाला चाललोय. शाळेतल्या मुलामुलींना क्रिकेट शिकवायचं आणि शिकवता शिकवता एचआयव्हीबद्दल बोलायचं. ब्रिटनमध्ये २००५ साली 'क्रिकेट विदाउट बाउंडरीज' ही संस्था निघाली आणि तिने आफ्रिकेत ही वाट पाडली. मी ज्यांच्याबरोबर जातोय तो गट लहान आहे, पण रीत तीच. तिकीट ज्याचं त्याने काढायचं.

परवा जेवताना मेव्हणा म्हणाला, "त्या पैशात तिथल्याच एखाद्या कोचला पगार दे की." ते डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडतोय.

माझं मत, जावं. मैदानात आम्ही सांगणार ते असं: तीन यष्ट्या म्हणजे तीन गोष्टी, संयम, जोडीदाराशी एकनिष्ठा, कंडोम. तिन्ही सांभाळा, डाव चालू राहील. वर्गात फळ्यासमोर जे बोलता येत नाही ते मैदानात बोलता येतं. सोलापुरात आमच्या सरांनी जननसंस्थेचा धडा "घरी वाचा" म्हणून सोडून दिला होता. आम्ही कुणीच वाचला नाही. जे कळलं ते चुकीचं, आणि मोठ्या मुलांकडून.

रवांडात क्रिकेट खऱ्या अर्थाने रुजलं ते १९९४च्या नरसंहारानंतर. युगांडा-केनियात वाढलेले निर्वासित परतले आणि खेळ बरोबर घेऊन आले. जानेवारी २०२३मध्ये मुलींचा १९ वर्षांखालचा पहिला विश्वचषक झाला, त्यात रवांडाच्या पोरींनी झिम्बाब्वेला आणि वेस्ट इंडिजलाही हरवलं. अशा ठिकाणी आपला थोडा हात लागावा असं मला मनापासून वाटतं.

आबोली

मी एका जिल्हा रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, नऊ वर्षं समुपदेशक होते. तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्या तीन यष्ट्यांबद्दल मात्र आहे.

आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांनी संयमही पाळला होता आणि एकनिष्ठाही. लग्नापर्यंत कुणी नाही, लग्नानंतर नवऱ्याशिवाय कुणी नाही. लागण नवऱ्याकडून. कंडोमचं नाव काढलं तर "माझ्यावर संशय घेतेस?" म्हणून मार. यातली कुठली यष्टी तिच्या हातात होती?

दुसरं याहून मोठं. क्रिकेटमध्ये विकेट पडली की आउट, तंबूत परत. तुमच्यासमोर चाळीस मुलं उभी असतील. त्यात एखादं जन्मतःच एचआयव्ही घेऊन आलेलं असेल, कुणालाही न सांगता आजीबरोबर दर महिन्याला गोळ्या आणायला जात असेल. त्याने तुमचा खेळ पाहून काय समजायचं? आपण खेळायच्या आधीच आउट? खरं तर गोळ्या नियमित घेतल्या आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली राहिला, तर लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. आणि माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. मैदानात सांगायची पहिली गोष्ट ही आहे.

तिसरी स्लिप

आबोलीताई, मुद्दा पटला. पण म्हणून जायचंच नाही? खेळ शिकवायला बाहेरचा माणूस लागतोच की कधीकधी. आपल्या मुंबईचे संदीप पाटील केनियाचे कोच होते, आणि २००३च्या विश्वचषकात केनिया उपांत्य फेरीत. दरबानला भारताने ९१ धावांनी हरवलं ते सोडा, तिथवर ते पोचले. बाहेरच्याने येऊन काही होत नाही, हे मी मानणार नाही.

कृष्णाकाठ

स्लिप, उदाहरण अर्धंच दिलंत. पुढचंही सांगा. २००४ साली सट्टेबाजांशी संबंध ठेवल्याबद्दल केनियाचा खेळाडू मॉरिस ओडुंबेवर पाच वर्षांची बंदी आली. मंडळात भांडणं, खेळाडूंचे पगार थकलेले. २०१४ला एकदिवसीय सामन्यांचा दर्जाही गेला. कोच उत्तम होता, खालची जमीन भुसभुशीत होती. आणि पाटील तिथे मुक्कामाला होते, दोन आठवड्यांच्या फेरीवर गेले नव्हते.

मी सांगलीचा. आमच्याकडे १९९२पासून 'संग्राम' या संस्थेने जे केलं ते जवळून पाहिलंय. गोकुळनगर या वस्तीत कंडोम वाटले ते धंद्यातल्या बायकांनीच, एकमेकींना. गिऱ्हाईक नाही म्हणालं तर काय करायचं, हे तिला दुसरी तशीच बाई सांगू शकत होती. पुढे 'वॅम्प' ही त्यांची स्वतःची संघटना झाली. उद्या कुणी परदेशी पाहुणा पंधरा दिवसांसाठी येऊन त्यांना हेच सांगू लागला असता तर बायकांनी चहा पाजला असता आणि वाटेला लावलं असतं.

रवांडाबद्दल आणखी एक. किगालीत २०१७ला गहांगाचं चांगलं मैदान झालं, पण त्याआधी खेळ चाले तो किचुकिरोच्या तंत्रशाळेच्या आवारात. एप्रिल १९९४मध्ये त्याच शाळेत हजारो लोक जीव मुठीत धरून आले होते, कारण तिथे संयुक्त राष्ट्रांचे बेल्जियन सैनिक होते. ११ एप्रिलला सैनिक निघून गेले आणि त्या लोकांची कत्तल झाली. तुमची तुलना मी त्यांच्याशी करत नाही. पण परका येतो आणि जातो, याचा अर्थ त्या मातीत काय होतो तो जाणाऱ्याने मनात ठेवावा.

लेस्टरकर

किचुकिरोचं मला माहीत नव्हतं. जायच्या आधी कळलं हे बरं झालं.

पण कृष्णाकाठ, मुंबईतली 'मॅजिक बस' घ्या. मॅथ्यू स्पेसी हा ब्रिटिश माणूस. फॅशन स्ट्रीटच्या आसपासच्या पोरांना रग्बी शिकवू लागला, त्यातून १९९९ला संस्था उभी राहिली. परका होता म्हणून त्याला कुणी वाटेला लावलं नाही.

आबोली

स्पेसी मुंबईत राहत होता, लेस्टरकर. दर आठवड्याला तीच पोरं, तेच मैदान. पोराला मंगळवारी प्रश्न पडला तर शनिवारी विचारता येत होता. तुम्ही गेल्यावर पडलेला प्रश्न ते मूल कुणाला विचारणार?

आणि एचआयव्ही तपासणीचा तंबू लावणार असाल तर आधी चौकशी करा की पुढची गोळी मिळते कुठे. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत रोखली तेव्हा आफ्रिकेत कितीतरी ठिकाणी एचआयव्हीचे दवाखाने अडचणीत आले. निदान हातात देऊन औषधाचा पत्ता न देणं हे मी केंद्रावर कधी होऊ दिलं नाही.

लेस्टरकर

तीन दिवसांनी लिहितोय. तिथल्या शाळेत खेळ घेणाऱ्या बाईंना मी सरळ विचारलं, तुम्हाला माझ्याकडून काय हवंय? माझी समजूत, बॅटी आणि चेंडू म्हणतील. त्यांचं उत्तर असं: मुलींना खेळवणं आम्हाला जमतं, पण गुणलेखन आणि पंचगिरी शिकलेल्या शिक्षिका नाहीत, म्हणून शाळाशाळांचे सामने लावता येत नाहीत. एचआयव्हीचं बोलायला जवळच्या आरोग्य केंद्रातली नर्स येते, ते आमच्या किन्यारवांडा भाषेतच व्हायला हवं.

म्हणजे मी पाठ केलेलं सगळं बाजूला. आता सहा शिक्षिकांना गुणलेखन आणि पंचगिरी शिकवायची. तिकीट रद्द केलेलं नाही. पुढच्या ऑक्टोबरातही तिथेच जाईन, दुसऱ्या देशात नाही, हे त्यांना लिहून दिलंय.

तिसरी स्लिप

गुणलेखनाच्या जुन्या वह्या माझ्याकडे पडून आहेत, दादरहून पाठवू का? पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कृष्णाकाठ

मी अजून नाहीच म्हणतो. गुणलेखन शिकवणारा माणूस किगालीत मिळेल, नाहीतर शेजारच्या युगांडात, कंपालात नक्की. तो बसने येईल, दर महिन्याला येईल. तुमच्या तिकिटाच्या पैशात त्याच्या किती फेऱ्या होतील हे बाईंनाच विचारा, आणि त्यांचं उत्तर जसंच्या तसं इथे टाका.

लेस्टरकर

विचारतो.