40 प्रकारची झाडे लावली म्हणजे जैवविविधता वाढली, असे म्हणता येईल का?

मुलुंडची रहिवासी

नमस्कार. मुलुंड पश्चिमेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरापासून फार लांब नसलेल्या एका गृहनिर्माण संस्थेत आम्ही वीस वर्षांपासून राहतो. संस्थेच्या मागच्या भिंतीलगत दोनेक गुंठे जागा कायम पडून होती. तिथे रुई, टाकळा, कुर्डू, आघाडा, घोळ, कसकसली गवते आणि भिंतीतून उगवलेले दोन उंबर असा सगळा पसारा असे. गेल्या मे महिन्यात समितीने त्यातली निम्मी जागा एका ठेकेदाराकडून साफ करून घेतली. वरची माती ट्रकने उचलून नेली, तिच्या जागी लाल माती आणून टाकली, 40 प्रकारची झाडे लावली आणि ‘जैवविविधता उद्यान’ असा फलकही उभा केला. उरलेल्या निम्म्या जागेचे काम येत्या मे महिन्यात व्हायचे आहे.

वार्षिक सभेत ठेकेदाराच्या प्रतिनिधीने सांगितले की, साफसफाईपूर्वी त्यांनी वनस्पतींच्या 22 प्रजाती मोजल्या होत्या, आता 40 आहेत, म्हणजे जैवविविधता जवळजवळ दुप्पट झाली. सभेने टाळ्या वाजवल्या. मला हे पटले नाही, पण का पटले नाही ते उभे राहून सांगता आले नाही, कारण मी शाळेत मराठी शिकवते आणि विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. जैवविविधता नेमकी मोजतात कशी, ती मुळात तयार होते कशी, आणि उरलेल्या एका गुंठ्याबद्दल समितीपुढे काय मांडावे, हे जाणकारांनी समजावून सांगावे अशी विनंती आहे.

सह्यकडा

ताई, त्या प्रतिनिधीने आकडे खरे सांगितले असतील, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष टिकणारा नाही. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे, म्हणून मोजणीपुरते लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे ती 22 प्रजातींची मोजणी झाली कधी? काम मे महिन्यात झाले, म्हणजे मोजणी एप्रिल-मेमधली असणार. कोकणपट्टीतल्या पावसाळी वनस्पती त्या दिवसांत जमिनीखाली कंदाच्या किंवा बीच्या रूपात असतात. शेवळे पहिल्या पावसाबरोबर वर येते, टाकळ्याचे रान त्यानंतर उठते, कंटोळीचा वेल श्रावणात कुंपणावर चढलेला दिसतो. उन्हाळ्यात मोजणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही आणि तो वहीत ‘पडीक जमीन’ असे लिहून मोकळा होतो. राष्ट्रीय उद्यानातल्या कारवीचेच पाहा. ती आठ वर्षांतून एकदा फुलते, 2016 नंतर 2024 मध्ये फुलली, आणि मधल्या वर्षांत आलेल्या माणसाला नुसत्या काठ्या दिसतात. तेव्हा दोन मोजण्यांची तुलना करायची असेल, तर ऋतू, क्षेत्रफळ आणि मोजायला दिलेला वेळ हे तिन्ही सारखे असावे लागतात.

दुसरी गोष्ट अशी की प्रजातींची संख्या हा विविधतेचा केवळ एक पैलू आहे. समजा दोन तुकडे आहेत आणि प्रत्येकात 10 प्रजातींची मिळून 100 रोपे आहेत. पहिल्यात प्रत्येक प्रजातीची 10 रोपे आहेत, तर दुसऱ्यात एकाच प्रजातीची 91 आणि बाकी नऊंचे एकेकच. संख्या दोन्हीकडे 10 आहे, पण दुसऱ्या तुकड्यात फिरताना आपल्याला एकच झाड सगळीकडे दिसत राहील. हा फरक आकड्यात उतरवण्यासाठी 1949 मध्ये सिम्प्सन यांनी एक साधा प्रश्न मांडला : डोळे मिटून दोन रोपे निवडली, तर ती एकाच प्रजातीची असण्याची शक्यता किती? पहिल्या तुकड्यात ती 0.10 येते आणि दुसऱ्यात सुमारे 0.83. या आकड्याचा व्यस्त घेतला, म्हणजे 1 ला त्याने भागले, की पहिला तुकडा खरोखर 10 प्रजातींचा ठरतो, तर दुसरा जेमतेम 1.2 प्रजातींच्या तोलाचा. शॅनन यांच्या 1948 च्या सूत्रावर आधारलेला निर्देशांकही याच कामासाठी वापरतात.

या कसोटीवर तुमचे उद्यान कदाचित उत्तम उतरेल, कारण ठेकेदार प्रत्येक प्रकारची दोन-तीन रोपे लावतो. म्हणूनच तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. व्हिटेकर या शास्त्रज्ञांनी 1960 मध्ये विविधतेच्या तीन पातळ्या वेगळ्या केल्या. एका जागेतली ती अल्फा, एका जागेतून दुसऱ्या जागेत जाताना जो पालट होतो तो बीटा, आणि साऱ्या प्रदेशाची मिळून ती गॅमा. मुंबईतल्या शंभर संस्थांनी आपापले रान काढून त्याच रोपवाटिकांतून तीच 40 झाडे आणली, तर प्रत्येक आवारातली अल्फा वाढेल आणि तरीही शहराची एकूण विविधता घटेल, कारण या शंभर जागा एकमेकींची नक्कल होऊन बसतील.

एक जाता जाता सांगतो. 1992 च्या रिओ येथील जैवविविधता कराराच्या व्याख्येत प्रजातींबरोबरच प्रजातीच्या आतली विविधता आणि परिसंस्थांची विविधता हेही येते. रोपवाटिकेतला सोनचाफा बहुतेक वेळा कलमाचा असतो. एकाच झाडाची दहा कलमे लावली तर जनुकांच्या दृष्टीने ते एकच झाड दहा ठिकाणी उभे असते. तुमच्या रुईची दहा झुडपे बियांपासून आलेली आहेत, त्यामुळे त्यांतले प्रत्येक झुडूप वेगळे आहे.

रानवाट

सरांनी मोजणीचे सविस्तर सांगितले आहे, त्यामुळे मी ही विविधता तयार कशी होते एवढ्यावरच लिहिते, आणि तेही ताईंच्या भिंतीपाशी उभे राहूनच.

रुईचे पान तोडले की पांढरा चीक येतो. त्यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात, म्हणून शेळ्यासुद्धा तिला सहसा तोंड लावत नाहीत. प्लेन टायगर या फुलपाखराच्या पिढ्यान्‌पिढ्या मात्र याच चिकाशी जुळवून घेत आल्या. त्याची अळी आधी पानाची शीर कुरतडून चिकाचा ओघ तोडते, मग पान खाते, आणि ते विष स्वतःच्या शरीरात साठवते. अळीचे फुलपाखरू झाले तरी विष अंगात राहते. त्याच्या नारिंगी पंखांची टोके काळी असतात आणि त्या काळ्यावर पांढरे ठिपके असतात. एकदा चव घेतलेला पक्षी हा रंग लक्षात ठेवतो. आता गोष्ट आणखी पुढे जाते. डॅनाइड एगफ्लाय नावाचे दुसरे एक फुलपाखरू आहे, ते विषारी नाही. त्याचा नर काळा असतो आणि त्याच्या पंखांवर निळसर झाक असलेले मोठे पांढरे ठिपके असतात, पण मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते आणि त्या उसन्या रंगामुळे पक्ष्यांपासून वाचते. तिची अळी घोळीच्या भाजीवर वाढते. म्हणजे ताई, तुमच्या त्या पडीक म्हटलेल्या कोपऱ्यात रुई आणि घोळ शेजारी-शेजारी उगवतात, तिथे लाखो वर्षांचा हा व्यवहार तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली चालू असू शकतो.

कोणत्याही प्रजातीच्या जनुकांत लहानसहान बदल आपोआप होत राहतात. त्यांतले जे परिस्थितीला जुळतात ते निवडीने टिकतात, काही निव्वळ योगायोगानेही टिकतात. पण एकाच्या दोन प्रजाती व्हायला बहुधा ताटातूट लागते. दक्षिणेत पालघाटची खिंड पश्चिम घाटाची रांग तोडते. तिच्या उत्तरेकडच्या उंच डोंगरांवरील शोला नावाच्या ठेंगण्या सदाहरित जंगलात तांबूस पोटाचा शोलाकिळी हा लहान पक्षी राहतो, दक्षिणेकडे पांढऱ्या पोटाचा. दिसायला भाऊभाऊ असलेले हे पक्षी खिंडीतला उष्ण सखल प्रदेश ओलांडून एकमेकांकडे जात नाहीत. एके काळी त्यांना एकच प्रजाती मानत असत. आता त्या दोन प्रजाती मानल्या जातात, आणि 2017 मध्ये त्यांच्यासाठी शोलिकोला हा वेगळा वंशही मांडला गेला. बेडूक, पाली, गोगलगायी यांच्यासाठी तर एवढी मोठी खिंडही लागत नाही, दोन डोंगरांमधली कोरडी दरीही पुरते. घाटात एकेका डोंगरापुरत्या प्रजाती सापडतात त्या यामुळे.

हे मुंबईपासून दूरचे आहे असे कोणी समजू नये. 2010 मध्ये मुंबईतल्याच आरे वसाहतीतून विंचवाच्या एका नव्या प्रजातीचे वर्णन झाले आणि तिला नावही आरेचेच मिळाले. दोन कोटींच्या आसपास वस्तीच्या महानगरात, गोठ्यांच्या आणि रस्त्यांच्या शेजारी, तो विंचू इतकी वर्षे नावाविना राहत होता. जे मोजलेच नाही ते ‘पडीक’ म्हणून उचलून नेताना माझा जीव कासावीस होतो, तो यासाठी.

भांडुपचा सचिव

मी आमच्या संस्थेचा सचिव आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो, आणि ती मांडताना ताईंच्या तळमळीबद्दल मला पूर्ण आदर आहे. समितीकडे येणाऱ्या तक्रारी फुलपाखरांच्या नसतात, त्या साप, उंदीर आणि डासांच्या असतात. आमच्या इथे मुलांचे खेळायचे मैदान झुडपांना लागूनच आहे, आणि पावसाळ्यात उंदरांमुळे पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची भीती काही काल्पनिक नाही. फुलांची नीटनेटकी बाग केली की रहिवासी खूश होतात, ज्येष्ठांना बसायला जागा होते. या अडचणींवर उत्तर न देता ‘रान राखा’ एवढेच म्हटले, तर कोणतीही समिती ऐकणार नाही.

खाडीकाठ

सचिव साहेबांचा मुद्दा रास्त आहे आणि त्यावर उपायही आहेत. डेंग्यूचा डास गवतात अंडी घालत नाही. तो साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणजे कुंडीखालच्या ताटल्या, टायर, करवंट्या, उघडी पिंपे यांत. या दृष्टीने कुंड्यांची बाग रानापेक्षा अधिक जोखमीची ठरू शकते. उंदीर गवतासाठी येत नाहीत, ते कचरा आणि उष्टे-खरकटे यांच्यासाठी येतात, आणि साप उंदरांमागे. म्हणून भिंतीकडचा कचरा पूर्ण उचलावा, पायवाटेलगत दीड मीटर रुंदीची पट्टी कापून मोकळी ठेवावी, मुलांच्या जागेकडे जाळी लावावी, आणि मधला भाग राखावा.

मी ठाणे खाडीच्या काठी वाढलो. तिथे मला जे समजले ते या चर्चेत सांगायला हवे, कारण सरांनी दिलेले निर्देशांकही एकट्याने वापरले तर फसवतात. आमच्या कांदळवनात, म्हणजे खारफुटीच्या जंगलात, बहुतेक सगळीकडे तिवर हे एकच झाड आहे. निर्देशांक काढला तर तो केविलवाणा येईल. पण खारट, प्राणवायू नसलेल्या चिखलात मुळांची टोके वर काढून श्वास घेणारी ही झाडे आहेत म्हणून तिथे खेकडे, कोळंबी आणि माशांची पिल्ले वाढतात, आणि कोळ्यांच्या जाळ्यात पुढे जे येते त्यातले बरेचसे इथेच लहानाचे मोठे झालेले असते. शेजारच्या उघड्या चिखलपट्टीवर तर एकही झाड नाही, म्हणून बाहेरच्या माणसाला वाटते की इथेही झाडे लावावीत. फ्लेमिंगो मात्र त्याच उघड्या चिखलावर शेवाळ टिपतात. तिथे तिवर पसरले तर त्यांना चरायला जागा उरणार नाही. 2015 मध्ये खाडीचे सुमारे 1690 हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य झाले आणि 2022 मध्ये ते रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेले, ते चिखल, पाणी आणि तिवरे यांच्या एकत्र असण्यामुळे.

तेव्हा संवर्धन करायचे म्हणजे आधी त्या जागी मुळात काय होते ते ओळखायचे. राष्ट्रीय उद्यानासारखा सुमारे 104 चौरस किलोमीटरचा सलग प्रदेश राखणे हे सरकारचे काम आहे. क्षेत्र घटले की प्रजाती घटतात, आणि ढोबळ हिशेब असा की जंगलाचा दहावा भाग उरला तर प्रजाती साधारण निम्म्या उरतात, त्याही लगेच नव्हे, हळूहळू गळत जातात. पण मोठ्या जंगलाभोवती जे लहान तुकडे असतात, ते परागकण वाहणाऱ्या कीटकांना आणि पक्ष्यांना मधले थांबे म्हणून उपयोगी पडतात. मुलुंडचा एक गुंठा त्या कामाचा आहे.

समितीला एक गोष्ट मात्र ठासून सांगा : माती हलवू नका. वरच्या वीतभर मातीत अनेक पावसाळ्यांचे बी पडून असते. तुमच्या निम्म्या जागेचे नुकसान झाडे कापल्याने जेवढे झाले नसेल तेवढे त्या ट्रकमुळे झाले. शिवाय जैविक विविधता अधिनियम 2002 प्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समित्या नेमून लोकजैवविविधता नोंदवह्या तयार करायच्या असतात. तुमच्या नोंदी नीट असतील तर त्या तिथे देता येतील.

मुलुंडची रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी उरलेल्या भागात जाऊन आले. रुईची अकरा झुडपे आहेत. तिसऱ्या झुडपाच्या एका पानाखाली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळे ठिपके असलेली अळी होती आणि त्या पानाची मधली शीर देठाजवळ कुरतडलेली होती. वीस वर्षांत मी तिथे वाकून कधी पाहिले नव्हते. सातवीतल्या काही मुली मोजणीला यायला तयार आहेत. सर, त्यांच्याकडून मोजणी करून घ्यायची असेल तर पद्धत काय ठेवावी? ठेकेदाराने जी चूक केली ती आमच्याकडून व्हायला नको.

सह्यकडा

बांबूच्या चार काठ्यांची एक मीटर बाय एक मीटर चौकट बनवा. जुन्या भागात पाच आणि नव्या उद्यानात पाच जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे मुली आवडती जागा निवडणार नाहीत. प्रत्येक चौकटीत वीस मिनिटे, कमी नाही, जास्त नाही. नाव माहीत नसलेल्या वनस्पतीला ‘अ’, ‘आ’ असे काही नाव देऊन फोटो ठेवा, नाव नंतर शोधता येते. कीटक वेगळ्या रकान्यात लिहा, आणि ते कोणत्या झाडावर होते तेही. दोन्ही भागांची मोजणी एकाच आठवड्यात, जून, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी अशी चार वेळा करा. ठेकेदाराचे काम मे महिन्यात ठरले आहे, त्यामुळे समितीकडे आत्ताच लेखी अर्ज देऊन एका वर्षाची मुदत मागा. अर्जाचा मसुदा इथे टाकलात तर मी तपासून देईन.