नास्तिक झाले की कर चुकवला?
‘युरोपातली चर्च ओस पडली कारण लोक नास्तिक झाले’ हे नेहमी ऐकू येणारं मत जर्मनीला तरी सरसकट लागू होत नाही. इथे चर्चचे सदस्य म्हणून नोंद असलेल्यांच्या पगारातूनच आयकराच्या ८-९ टक्के ‘चर्च कर’ कापतात. माझ्या सहकाऱ्याने पगाराची पहिली स्लिप पाहिली आणि सरकारी कचेरीत जाऊन चर्चच्या सदस्यत्वातून नावच काढून टाकलं; नाताळला मात्र आईसोबत चर्चमध्ये हजर! २०२२मध्ये ५ लाखांवर कॅथलिक बाहेर पडले, त्यात चर्चमधल्या लैंगिक अत्याचार प्रकरणांचा संतापही होताच म्हणा. प्रोटेस्टंटांनी २०२३च्या जूनमध्ये नदी-तळ्यांकाठी बाप्तिस्म्याचे (पाण्याने चर्चमध्ये सामील करून घेण्याच्या विधीचे) सोहळे केले. एक बघायला गेलो होतो: पाद्री गुडघाभर पाण्यात, काठावर मावश्या-आत्यांची फोटोसाठी झुंबड. गर्दी दांडगी होती. आता त्या बाळांचे आईबाप कर भरत राहतात का, ते बघायचं.