अनुभव धागा : खंडवा जंक्शन आणि छोट्या गाडीचं आजोळ

अकोटची_लेक
माळा आवरायला घेतला आणि फिरकीचा तांब्या हाती लागला. पितळी, बुडाजवळ चेपलेला. ते पोचं कुठे पडलं हे मला आजही पक्कं आठवतं. धूळघाटच्या वळणावर वरच्या फळीवरून गडगडत खाली आला होता आणि समोरच्या बाकावरच्या आजोबांनी पायाने अडवला होता. आवरणं तिथेच राहिलं, मी तांब्या मांडीवर घेऊन बसले.

आमचं आजोळ खंडव्याचं. दर उन्हाळ्यात अकोटहून छोट्या गाडीने, म्हणजे मीटर लाईनच्या गाडीने जायचं. अडगाव, हिवरखेड, वान रोड... वान रोड गेलं की मेळघाटचं जंगल सुरू व्हायचं आणि खिडकीसाठी आम्हा भावंडांची मारामारी. धूळघाटला गाडी डोंगराला पूर्ण वळसा घालून स्वतःच्याच रुळाच्या वरच्या पुलावरून जायची. मघाशी आपण जिथून आलो तो रूळ खाली दिसायचा. मी नुकतेच अंक शिकले होते, तेव्हा बाबांनी काचेवर बोटाने काढून दाखवलं होतं, "हे बघ, आपली गाडी ४ काढतेय." अजूनही ४ लिहिताना मला धूळघाट दिसतो.

तुकईथडला मध्य प्रदेश. तिथे आई डबा उघडायची. पोळ्या, तिखट मिठाचा कांदा, आंब्याचं लोणचं. मग गुडी, आणि मग खंडवा. मोठी लाईन, छोटी लाईन, चारी दिशांनी माणसं. अकोटसारख्या गावातून आलेल्या पोरीला ते जगाचं टोक वाटायचं. मामा फलाटावर उभे असायचे. टांगा, घंटाघर, आजीचं घर. सकाळी गरम दुधात जिलेबी, रात्री गच्चीवर गाद्या आणि स्टेशनातली घोषणा अर्धवट झोपेत ऐकू यायची.

आजी २०१६ च्या उन्हाळ्यात गेली. २०१७ च्या जानेवारीत रुंदीकरणासाठी लाईन बंद झाली. वर्षाच्या आतच दोन्ही. अकोला-अकोट मोठी लाईन होऊन २०२२ मध्ये गाडी परत आली तेव्हा मी मुद्दाम अकोट स्टेशनवर जाऊन उभी राहिले. आनंद झालाच. पण गाडी तिथे थांबली, आणि माझं आजोळ पुढे आहे.

खंडव्याला कोण कोण गेलंय? उतरलात, गाडी बदललीत, राहिलात, नुसते खिडकीतून बघितलंत, काहीही चालेल. लिहा.

पोळीभाजी
आधी तांब्याचा फोटो टाक गं!! आमच्याकडे होता तसाच, भावजयीने मोडीत दिला. आठवलं की जीव तुटतो.

तापीकाठचा
भुसावळवाला हजर. वडील रेल्वेत, त्यामुळे खंडवा म्हणजे आम्हाला पुढचं अंगण. रावेर, बऱ्हाणपूर, नेपानगर, खंडवा. नेपानगरला कागदाची गिरणी, तो वास आला की खंडवा जवळ आलं समजायचं. पण ताई, जिलेबीच्या बाबतीत मी गप्प बसणार नाही. बऱ्हाणपूरची मावा जिलेबी खाल्ली आहे का? काळपट, जाड, पाकाने जड. तिच्यापुढे खंडव्याची जिलेबी लहान बहीण.

अकोटची_लेक
@तापीकाठचा भाऊ, मावा जिलेबी खाल्ली आहे, उत्तमच. पण ती दुधात घालून बघा. नाही जमणार. खंडव्याची जिलेबी दुधासाठीच केलेली असते.

सूर_निरागस
कोल्हापूरहून फक्त एका माणसासाठी खंडव्याला गेलो आहे. किशोरदा, आपले गायक किशोर कुमार. जन्म ४ ऑगस्ट १९२९, खंडव्यातच. १३ ऑक्टोबर १९८७ ला मुंबईत गेले, पण अंत्यसंस्कार त्यांच्या इच्छेप्रमाणे खंडव्यात झाले. मी १३ ऑक्टोबरलाच गेलो होतो. समाधीवर लोक दूध-जिलेबीचा नैवेद्य दाखवत होते आणि एकामागून एक गात होते. कोणी रिक्षावाला, कोणी शाळामास्तर, एक आजी नऊवारीत, जळगावहून आलेल्या. मीही गायलो. आवाज फाटला कारण रडू आलं होतं, पण कोणी थांबवलं नाही. "दूध जलेबी खायेंगे, खंडवा में बस जायेंगे" असं ते म्हणायचे, हे खंडव्यात तुम्हाला चहावालासुद्धा सांगतो. एवढं नाव झालेल्या माणसाला शेवटी आपल्या जंक्शनवरच उतरायचं होतं, हे मला फार मोठं वाटतं.

मनीची_आई
कुकर लावलाय, दोन मिनिटांत लिहिते

वऱ्हाडी_ठेचा
बाप्पा, खंडवा म्हणलं का दादाजी धुनीवाले! कोणीच कसं नाही लिहिलं अजून. आमच्या घरून गुरुपौर्णिमा चुकत नाही. पांढुर्ण्याकडून, बैतूलकडून लोक निशाण घेऊन पायी येतात, रथ ओढत, "भज लो दादाजी का नाम" म्हणत. पावसात भिजत. मी एकदा चाललो त्यायच्यासंगं, पायाले फोड आले पण मजा होती. १९३० साली दादाजीनं तिथं समाधी घेतली, धुनी तवापासून पेटलेली हाय. परसाद म्हणजे टिक्कड. जाड, धुनीवर भाजलेला. अन् त्या दिवसांत गावातले लोक काय करतात माहीत हाय का? घरोघरी, चौकाचौकात भंडारा. पैसे घेत नाहीत कोणी. अनोळखी माणसाले हाताला धरून जेवायला बसवतात. मले एका म्हाताऱ्या बाईनं पोटऱ्यायले तेल लावून देलं होतं. नाव गाव काही विचारलं नाही तिनं.

अकोटची_लेक
@वऱ्हाडी_ठेचा दादा, आजी त्या दिवशी पहाटे तीनला उठून पुऱ्या लाटायला बसायची! आमच्या दारातही मांडव असायचा. कदाचित तुम्ही आमच्याकडे जेवलाही असाल.

वऱ्हाडी_ठेचा
जेवलोच असन माय. सगळीकडंच जेवलो.

मनीची_आई
आले. माझा अनुभव उतरण्याचा नाही, राहून जाण्याचा. शिकायला पुण्यात होते, झेलमने भावाकडे दिल्लीला निघाले. एकटी. खंडव्याला पाणी भरायला उतरले. नळावर गर्दी, माझा नंबर आला आणि गाडी हलली. धावले, पण दार गाठता आलं नाही. सामान गाडीत, पर्स गाडीत, हातात बाटली. तेव्हा मोबाईल नव्हते. मी तिथेच खाली बसले. चहाच्या टपरीवरच्या काकांनी पाहिलं, स्वतः मला स्टेशनमास्तरांकडे नेलं, त्यांनी पुढे निरोप दिला आणि सामान इटारसीला उतरवून घेतलं. पुढची गाडी येईपर्यंत काकांच्या घरून त्यांची मुलगी येऊन माझ्याशेजारी बसून राहिली, तिने मला तिची ओढणी पांघरायला दिली. तिला मराठी येत नव्हतं, माझं हिंदी यथातथा. ती निमाडी, म्हणजे खंडव्याकडची बोली बोलायची, वाक्याशेवटी "छे". पहाटेपर्यंत आम्ही दोघी काय बोललो कोण जाणे, पण बोललो. ओढणी परत करायची राहून गेली. अजून आहे माझ्याकडे. निळी.

पोळीभाजी
@मनीची_आई अगं बाई. काटा आला. ओढणीचाही फोटो टाक.

हिंगोलीकर
आमच्याकडून गाडी सरळ अजमेरला जायची. काचीगुडा, नांदेड, पूर्णा, हिंगोली, वाशिम, अकोला, खंडवा, महू, इंदूर, रतलाम, अजमेर, जयपूर. हैदराबाद ते राजस्थान सगळी मीटर लाईन. मीनाक्षी एक्सप्रेस म्हणायचो. उरुसाच्या दिवसांत डब्यात पाय ठेवायला जागा नसायची. आमच्या शेजारचे चाचा दरवर्षी जायचे आणि आम्हा मुलांना अजमेरहून रेवड्या आणायचे. खंडव्याला गाडी बराच वेळ थांबायची, तिथे ते वजू करून नमाज पढून घ्यायचे आणि माझे आजोबा, जे ओंकारेश्वराला निघालेले असायचे, त्यांच्या सामानाकडे बघायचे. एकाच गाडीत एक दर्ग्याला, एक ज्योतिर्लिंगाला. मग एकेक तुकडा मोठा होत गेला, अकोला-पूर्णा २००८ मध्ये, आणि ही सलग माळ तुटली.

रूळ_मोजणारा
मीटर म्हणजे दोन रुळांत १००० मिमी, मोठ्या लाईनला १६७६. फरक फक्त ६७६ मिमीचा, पण त्यामुळे खंडव्यात प्रत्येक पोतं, प्रत्येक ट्रंक एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावी लागायची. हमाल, चहावाले, पुरीभाजीवाले, लॉज, टांगे, सगळ्यांचं पोट त्या फरकावर. मुंबई-कोलकाता लोहमार्ग १८७० मध्ये जबलपूरला जोडला गेला आणि खंडवा त्या हमरस्त्यावर आलं. मग होळकरांची लाईन इंदूरकडून येऊन मिळाली. एकच माप झालं की प्रवाशाची सोय होते, हे खरंच. पण गाडी बदलण्यावर उभं राहिलेलं गाव थोडं मुकं होतं. मी नोकरीत असताना तसं होताना पाहिलं आहे.

इंदूरची_मावशी
होळकरांचं नाव निघालं म्हणून. तुकोजीराव दुसरे यांनी त्या लाईनसाठी इंग्रजांना १ कोटी रुपये कर्ज दिलं होतं, आमच्या घरी हे फार अभिमानाने सांगतात. इंदूरहून खंडव्याला जाताना पातालपानीचा धबधबा, मग उतार, बोगदे, आणि कालाकुंड. तिथे पळसाच्या पानावर कलाकंद मिळायचा. गाडी येण्याच्या बेताने ताजा. दुसरीकडे कुठे खाल्ला तरी तो पानाचा वास नाही लागत. पातालपानीजवळ तंट्या मामांचं मंदिर आहे, तिथे गाडी थांबून पुढे निघायची. इंग्रजांशी लढलेला तंट्या भिल्ल खंडव्याकडचाच, १८७८ मध्ये खंडव्याच्या तुरुंगातून निसटला होता. माझे सासरे इंजिनवर होते, तिथे नारळ ठेवल्याशिवाय पुढे जात नसत. पातालपानी-कालाकुंड हेरिटेज गाडी २०१८ मध्ये सुरू झाली, नातवंडांना घेऊन गेले. त्यांनी सगळा वेळ माकडं मोजली.

पोळीभाजी
कलाकंद वाचून भूक लागली. बाय द वे फिरकीच्या तांब्याच्या आट्या अडकतात त्याला काय करायचं? सासूबाईंचा आहे एक, उघडतच नाही.

इंदूरची_मावशी
@पोळीभाजी चिंच-मिठाने आट्या घासून घे, रात्रभर कोमट पाण्यात ठेव, मग खोबरेल. पक्कड लावू नकोस, आट्या मरतात.

जंगलवाट
थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. मेळघाटात बरीच वर्षं कामानिमित्त फिरलो. धूळघाटची गाडी मलाही प्रिय होती. पण तिथूनच मोठी लाईन, जास्त गाड्या, जास्त वेग, हे नको होतं. व्याघ्रप्रकल्पाचा गाभा आहे तो. जंगल टाळून बाहेरून मार्ग न्यायचं ठरलं ते बरोबरच झालं.

अकोटची_लेक
@जंगलवाट दादा, राग कशाला. मी स्वतः खूप विचार केला यावर. वाघाच्या अंगणातून जाऊ नये हे पटतं. फक्त वान रोड, धूळघाट, तुकईथडच्या माणसांना ती एकच गाडी होती. कोरकू आदिवासी बाया टोपल्या घेऊन चढायच्या, अकोटच्या बाजारात विकायच्या, संध्याकाळी परत. त्यांना कोणी विचारलं असेल का, एवढंच मनात येतं.

जंगलवाट
तेही खरं आहे. त्या आता जीपने जातात, टपावर बसून. त्यांच्यासाठी एसटी वाढायला हवी होती, ते झालं नाही.

हरसूदचा
तुम्ही सगळे ज्या खंडव्याबद्दल लिहिताय त्याच्या पुढे इटारसीकडे हरसूद होतं. माझं गाव. आई महाराष्ट्रातली म्हणून मराठी येतं. २००४ च्या जूनअखेर रिकामं करायला लावलं, इंदिरा सागर धरणाच्या पाण्यात गेलं. लोकांनी आपल्याच हातांनी घरं पाडली, विटा, दारं, चौकटी ट्रॉलीत भरल्या. मी आमच्या घराचं छप्पर उतरवलं आहे. रेल्वेचा रूळसुद्धा हलवला, आता गाडी छनेरावरून जाते. मी खंडव्याहून इटारसीला जाताना एकदाही झोपत नाही. पाणी दिसेल तिथे उभा राहतो दारात.

मनीची_आई
@हरसूदचा दादा... नमस्कार तुम्हाला.

वऱ्हाडी_ठेचा
काही बोलाले सुचत नाही भाऊ. गुरुपौर्णिमेले या, आमच्यासंगं जेवा.

तापीकाठचा
माझ्या आजोबांचीही आठवण. ते सी.पी. अँड बेरार, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या काळात सरकारी नोकरीत. तेव्हा खंडवा आणि अकोला एकाच प्रांतात, राजधानी नागपूर. बदल्या इकडून तिकडे सहज. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्ये राज्याची सीमा आली. आजोबा म्हणायचे, कागदावर रेघ ओढली पण सोयरिकी कोण तोडणार. आमच्या घरात अजून तीन सुना निमाडच्या आहेत, आणि खंडव्याच्या तुळजा भवानीला नवस फेडायला सगळ्या एकदम जातात. घर रिकामं, जेवण मी करतो.

दूरदेशी_बाळ
सिडनीतून वाचतोय. कधी गेलो नाही खंडव्याला. पण आई जायची. बस एवढंच लिहायचं होतं.

नवी_नवरी_२
मला एक विचारायचं आहे, सासर खंडव्याचं ठरलं आहे 🙂 माहेर अकोला. आता कसं जातात? आणि घरी काय आवडतं लोकांना, काही करून न्यायचं असेल तर?

रूळ_मोजणारा
@नवी_नवरी_२ अभिनंदन बाळा. भुसावळ करून जा. अकोला-भुसावळ साधारण १४० किमी, भुसावळ-खंडवा साधारण १२४. जुन्या छोट्या लाईनने सगळं मिळून पावणेदोनशे होतं. भुसावळला गाडी बदलताना मधे वेळ ठेव, घाई करू नकोस, आणि पाणी भरायला उतरू नकोस.

मनीची_आई
@रूळ_मोजणारा काका 😄 अगदी बरोबर.

अकोटची_लेक
@नवी_नवरी_२ अगं किती छान! अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी निमाडात घरोघरी, आपल्यासारखीच. तुला परकं वाटणार नाही. जाताना आपल्याकडची मूगवडी आणि सांडगे ने. आजीला तेच हवे असायचे. आणि सकाळी कोणी दुधात जिलेबी दिली तर नाही म्हणू नकोस.

सूर_निरागस
यंदा १३ ऑक्टोबरला पुन्हा जातोय. कोणी येणार असेल तर भुसावळला भेटू.

वऱ्हाडी_ठेचा
अन् मी गुरुपौर्णिमेले. गाडीत दोन जागा हायेत अकोल्याहून. हरसूदचा भाऊ, तुमच्यासाठी एक धरली.

हरसूदचा
मी खंडव्यातच भेटतो दादा. धुनीजवळ. टिक्कड माझ्यासाठी राखून ठेवा.

अकोटची_लेक
दुसरी जागा माझी. मामींना आत्ताच फोन केला, त्या म्हणाल्या मांडव यंदाही घालणार आहेत, पुऱ्या लाटायला हात कमी पडतात. @मनीची_आई ओढणी घेऊन येतेस का? स्टेशनच्या बाहेरच्या टपऱ्यांवर विचारू आपण.

मनीची_आई
येते. नवऱ्याला सांगते आधी. तांब्या आण तू.

पोळीभाजी
उघडला!!! खोबरेलाने. आत सासूबाईंची वेलची होती.